जिवंत माणसाचा गहू

"कुणासाठी भिजत घातलायस हा गहू?"

"तुझ्यासाठी."

"सकाळी सकाळी थट्टा नको, आर्गीरो."

"थट्टा? गावात कुणी गेलं की चर्चमध्ये त्याच्या नावाने वाटायचा गहू मीच शिजवते ना? तू ऐन ऑलिव्ह काढायच्या घाईत मरशील, म्हणून आधीच लागले तयारीला."

सिफिसच्या हातातला कॉफीचा पेला अधांतरी राहिला. पेल्यात कॉफी नव्हती, ऑलिव्हचं तेल होतं. उन्हाळ्यात त्याच्या हृदयाची धमनी तुंबली. डॉक्टरांनी आत जाळी बसवली, रोजच्या गोळ्या दिल्या. काही दिवस नवरोबांनी त्या निमूट गिळल्या. मग कॉफीच्या दुकानातला टीव्ही बोलला: ऑलिव्हमधल्या कडवट द्रव्यांनी धमन्या शाबूत राहतात. झालं! गोळ्या फडताळात गेल्या.

"आपण क्रीटची माणसं," सिफिस म्हणाला. "आपल्या अंगात रक्त नाही, तेल वाहतं. गोळ्या असल्या शहरवाल्यांना."

"मग माझा बाप काय लोणी खाऊन मेला? आणि झाहारिस? माझा पाठचा भाऊ, रोज पेलाभर तेल प्यायचा. स्वतःच्याच झाडाखाली आडवा झाला! त्याच्या गव्हावर साखर मी पसरली, ह्या हातांनी."

परकर नेसत होती तेव्हापासून ऑलिव्ह वेचून त्या हातांची बोटं वाकली होती. कुणाच्याही घरी मरण आलं की गाव तिलाच बोलावी. बाकीच्या बाया रडत गहू शिजवत, आर्गीरो दात-ओठ खात शिजवी. सांगून न ऐकणाऱ्या मेलेल्यांवर तिचा फार राग.

"म्हणजे तेलात गुण नाही म्हणतेस?"

"आहे ना! हिरवं फळ काढलं तर. ते तेल घसा जाळतं, तोच त्याचा गुण. आणि तू? फळ काळं होऊन झाडाखाली पसरलेल्या जाळ्यावर गळेपर्यंत थांबतोस. तेल जास्त उतरतं ना! पाळण्यातल्या पोराला पाजावं इतकं गोड तुझं तेल. पी बघू, लागतो का ठसका?"

तो ईर्ष्येने घटाघटा प्याला. ठसका लागला नाही.

"आणि लागला असता तरी!" ती कडाडली. "तेलाने रक्ताची चांगली नळी सांभाळणं वेगळं. तुझी एकदा तुंबून झालीय, मेल्या!"

"अपशकुनी बाई."

"आहेच." तिने गोळ्यांचं पाकीट त्याच्यापुढे आपटलं. "बोल. गोळी घेतोस, की डाळिंब सोलायला घेऊ गव्हात घालायला?"

सिफिसने रिकाम्या पेल्यात पाहिलं, भिजत्या गव्हाकडे पाहिलं. पाकिटाला बोटही लावलं नाही. टोपी चढवली आणि कोपऱ्यातली ऑलिव्ह झोडायची काठी उचलून खांद्यावर टाकली.

"अरे, फळ हिरवंय अजून! आत्ता काठी कशाला?"

तो दाराशी पोचला होता. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

"गाढवा! हिरवं झोड नाहीतर काळं, आधी गोळी घे! सिफिस!"

तो बाहेर पडला आणि हिरव्या फळांनी लगडलेल्या झाडाकडे वळला.