बंद खिडकीतून आलेला वारा

हे लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं, आणि टाळण्याची कारणं प्रत्येक वेळी चांगलीच निघाली. आता कारणंही संपली, म्हणून लिहितो.

ऐंशीच्या सुमारास मी कट्टा गावच्या हायस्कुलात शास्त्र शिकवायचो. हृदयाचे चार कप्पे फळ्यावर फार सुबक काढायचो. त्याच काळात एका सकाळी माझा थोरला भाऊ खळ्यात उजव्या अंगावर कोसळला. वाचा गेली. गाव म्हणाला, अंगावरून वारा गेला. आमची आईही तरुणपणी अशीच वाऱ्याने गेली होती, तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही.

मी त्याला मुंबईला नेलं. डॉक्टरांनी ध्वनिलहरींच्या यंत्रावर त्याच्या हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात एक गाठ दाखवली. शहाळ्यातल्या कोवळ्या खोबऱ्यासारखी मऊ, देठावर लोंबणारी. तिचाच तुकडा सुटून मेंदूत अडकला होता. गाठ कॅन्सरची नव्हती, ती काढली. मग त्यांनी भावाच्या ओठांवरचे काळे ठिपके निरखले आणि असे घरात आणखी कुणाला आहेत का, विचारलं. आईला होते. धाकट्या बहिणीला आहेत. ते म्हणाले, काही घरांत ही गाठ रक्तातूनच येते. भावंडांना तपासा, तपासत राहा. वेळेत सापडली तर झटका येण्याआधी काढता येते.

मला त्यांनी तिथेच तपासलं. माझं हृदय स्वच्छ निघालं. निदान यंत्राला तरी तसं दिसलं.

बहिणीचं लग्न देवबागेत ठरलं होतं. तिच्या ओठांवरचे तीळ सासरच्यांना लक्ष्मीचे वाटले होते. हृदयाचं कानावर गेलं असतं तर लग्न मोडलं असतं. म्हणून घरी येऊन मी सांगितलं, दादाक वारोच लागलेलो. त्याच्या छातीवरचा व्रण सदऱ्याखाली राहील असं पाहिलं. तो बोलू शकत नव्हता, ही माझी सोयच झाली.

लग्न झाल्यावर सांगणार होतो. मग ती गरोदर राहिली. मग मुलगी लहान होती. मध्यंतरी मी काहीच केलं नाही असं नाही. बहिणीला लोकरीचा मफलर नेऊन दिला. मेहुण्यांना बजावलं की आमच्या घराला वारा सोसत नाही, समुद्राकडची खिडकी बंद ठेवा. एकीकडे खाडी, दुसरीकडे दर्या, अशा घरात त्या भल्या माणसाने खिडकीला फळ्या ठोकल्या. मास्तर सांगतात म्हणजे शास्त्रच.

पुढे ती चुलीपुढे कोसळली. निरोप मिळताच मी देवबाग गाठलं. मेहुणे दारातच उभे होते. रागावलेले नव्हते, खरंच विचारत होते.

"मास्तरांनू, खिडकी तर बंदच होती. वारो खंयसून इलो?"

मी आत जाऊन तिला मुंबईला न्यायच्या तयारीला लागलो.

मुंबईत तीच गाठ निघाली, त्याच कप्प्यात. काढली. जीव वाचला, उजवा हात आणि बोलणं परतलं नाही. डॉक्टरांना मी सगळं सांगितलं, मेहुणे औषधं आणायला गेले असताना. मेहुण्यांना वाटलं, हे शास्त्रात नव्यानेच कळलंय. भाचीला मग मीच दरवर्षी तपासायला नेत राहिलो. तिची गाठ लहानपणीच सापडली, काढली, ती आज धडधाकट आहे. देवबागेत म्हणतात, मामा असावा तर असा.

बहीण त्यानंतर बरीच वर्षं जगली. मी गेलो की डाव्या हाताने सोलकढीची वाटी पुढे सरकवायची. कळत तिला सगळं होतं. उत्तर तेवढं देता आलं नसतं. इतकी सोय असूनही मी पावसापाण्याचं बोलून उठायचो. एसटीत बसून वाक्य घोळवायचो, जाताना आणि परततानाही:

"बाय, माका ठावक होता. मी गप रवलंय. माका माफ कर."