गारांचं वजन

"पुढं नको बसू. औषधाचा वास मारतो अंगाला."

अण्णा स्टिअरिंगवरून वाकला आणि माझ्या हातातलं दार ओढून लावून घेतलं. वास येत होता, हे खरं. सकाळपासून मी त्याच्याच मागच्या प्लॉटवर त्याचंच औषध फवारत होतो. माझ्या जागी सीटवर द्राक्षांची पेटी होती. बागेतला पहिला माल, डोंगरातल्या मुकादमाला भेट. वळणावर पडू नये म्हणून अण्णानं पेटीला सीटबेल्ट लावला.

पेटीला सीटबेल्ट. मी मागं, पिकअपच्या उघड्या हौद्यात, चार रिकामी कॅरेटं आणि एक फाटकी ताडपत्री सोबतीला.

राग आला का? खोटं कशाला सांगू, हसू आलं. सहा वर्षं मी त्याच्या दिंडोरीच्या बागेत गडी होतो आणि सहा वर्षं मला हसूच येत होतं. अपमान झाला की मी त्याचा किस्सा करायचो आणि शेडवर बाकीच्या गड्यांना नकलेसकट सांगायचो. ते हसले की मला वाटायचं, जिंकलो. अण्णा मला पेठ्या म्हणायचा, कारण मी पेठच्या डोंगरातला. आईबापानं ठेवलेलं नाव त्यानं कधी विचारलं नाही. मी मात्र त्याला अहोजाहो करायचो. आता लिहिताना करत नाही.

जानेवारी होता. चार दिवस कडाक्याची थंडी पडली आणि पाचव्या दिवशी आभाळ भरून आलं. पिकल्या द्राक्षावर पाऊस पडला की मणी तडकतात. त्यामुळं सगळ्या गावाला एकाच वेळी खुडा करायचा होता, आणि खुड्याला माणसं आमच्या डोंगरातनंच यायची. शेजारचा बागायतदार टोळी आणायला निघतोय, असं अण्णाच्या कानावर आलं.

"त्याच्या आधी पोचायचं. वाट माहीत हाय ना रे?"

इथं मी अक्कल पाजळली. "घाटानं कशाला जाता अण्णा? आमच्या पाड्याच्या मागनं कच्ची वाट हाय. अर्धा तास वाचतो."

त्या वाटेनं मी शेवटचा गेलो तेव्हा चौदा वर्षांचा होतो आणि माझ्यापुढं बकऱ्या होत्या. बकऱ्यांना रस्ता लागत नाही, हे सांगायचं राहून गेलं.

आता वाट सांगायची कशी? मी मागं, तो पुढं. मधे काच, आणि काचेवर लोखंडी जाळी. जाळी त्यानंच बसवून घेतलेली, कॅरेट आदळून काच फुटू नये म्हणून. अण्णानं कायदा केला. टपावर एक थाप मारली की डावीकडं, दोन मारल्या की उजवीकडं. थांबायचं असेल तर किती थापा, ते त्यानं सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

घाटाच्या अलीकडं मी दोन थापा मारल्या. गाडी कच्च्या वाटेला लागली. दुपारचे तीन वाजले असतील, पण उजेड दिवेलागणीसारखा. आधी वारा आला. असा की उभा राहिलो तर तोंडातला श्वास मागं ढकलला जायचा. मग पाऊस, सुईसारखा. मग गारा. हरभऱ्याएवढ्या, बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या. मी डोक्यावर कॅरेट पालथं घातलं आणि वाट बघत उभा राहिलो. वाटाड्या होतो ना.

एका वळणापुढं वाट नव्हतीच. पावसाळ्यात कडा ढासळला असणार. मला वरून दिसलं. अण्णाच्या समोरची काच गारांनी पांढरी झालेली, त्याला दिसलं नाही. मी दोन्ही मुठींनी टपावर बडवायला लागलो. पण टपावर त्या वेळी हजार थापा पडत होत्या. त्यातल्या माझ्या कोणत्या, हे कुणी ओळखायचं?

पुढची दोन्ही चाकं कड्याबाहेर गेली. गाडी पोटावर घासली आणि थांबली. खाली दगडांचा नाला, विहिरीएवढा खोल.

मी पुढं बसलो असतो तर एक शब्द पुरला असता. थांबा.

काय झालं ते बघायला मी दोन पावलं पुढं सरकलो. गाडीनं मान खाली घातली. मी झटकन मागं फाळक्याला जाऊन टेकलो. गाडीनं मान वर केली. आम्ही दोघं कशावर आहोत, ते मला कळलं. अण्णालाही कळलं असणार. कारण आतून त्यानं मागची काच फोडली आणि जाळीतून ओरडला, "पेठ्या! कुठंयस?"

"मागंच की."

"उतरू नको. हालू नको."

त्याची दोन्ही दारं हवेत उघडत होती. पोट मोठं, गुडघे अधू. बाहेर पाय टाकला तर नाल्यातच. माझं सोपं होतं. फाळक्यावरून एक टांग टाकली की जमीन. मी टाकली नाही. पुढं पाड्यावरचे लोक याला माणुसकी म्हणाले. मला तसं म्हणवत नाही. कारण मला नीट आठवतं, मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच: मालकानं उतरू नको म्हणून सांगितलंय.

गारा पाठीवर, खांद्यावर, कानावर. कॅरेटची भोकं बोटभर रुंद, त्यांतून बारक्या गारा आत यायच्या. ताडपत्री वाऱ्यानं केव्हाच एका टोकाला लटकवली होती. बोटं आधी दुखली, मग दुखायची थांबली. दुखायची थांबली तेव्हा भीती वाटली.

"भाऊ," आतून आवाज आला.

मी मागं वळून बघितलं. खरंच. म्हटलं आणखी कोण आलं.

"भाऊ, काय तरी कर. ब्रेकवरचा पाय वळला माझा. मी मरतो रे."

"ब्रेक सोडा अण्णा. पुढची चाकं हवेत हायत, मागची मी दाबून बसलोय."

म्हणालो आणि त्याही अवस्थेत मला हसू आलं. सवयीचं.

पण त्या हसण्यात डोकं चाललं. हौद्यात गारा साचल्या होत्या, घोट्याच्या वरपर्यंत. मी बसल्या जागेवरून हात लांबवून पुढच्या गारा कॅरेटनं मागं ओढायला लागलो. कॅरेटमधून निम्म्या गळायच्या. मग ताडपत्री ओढून घेतली, ती फाळक्याला आतून लावली आणि तिच्यात गारांचा ढीग करत गेलो. वजनानं माझ्याइतका झाला. माझ्या दुप्पट झाला. तासभर तरी गेला असेल. मग ढीग तिथंच ठेवून मी इंचाइंचानं पुढं सरकलो. गाडी हलली नाही.

"पाना द्या."

जाळीतून त्यानं पाना दिला. चार नट होते. बोटांना नट कळत नव्हते, म्हणून मी पाना दोन्ही तळव्यांत धरून फिरवला. जाळी निघाली. अण्णाचं डोकं आलं, खांदे आले, आणि पोटाशी तो अडकला. मी त्याला बगलेत धरून ओढत होतो आणि तो माझ्या कानात आई आई करत होता. शर्ट फाटला, पोट सोलवटलं, पण आला. पेटी आतच राहिली. बेल्टमध्ये.

उतरून दहा पावलांवर एक खडक होता, त्याच्या आडोशाला बसलो. ताडपत्री एकच. अण्णा पानासारखा कापत होता. ओठ जांभळे. तो मला बिलगला. खरंच सांगतो, पोर आईला बिलगतं तसा. माझ्या शर्टात नाक खुपसलं आणि तिथंच श्वास घेत राहिला. माझ्या अंगात जी काय ऊब उरली होती ती निम्मी त्याची झाली. थंडीनं मला झोप यायला लागली, तेव्हा तो माझ्या गालावर चापट्या मारत होता. "झोपू नको भाऊ. तू झोपलास तर मी बी गेलो." हेही खरं आहे आणि तेही सांगायला पाहिजे. त्या खडकाआड आम्ही दोघं सारखेच मरत होतो.

अंधार पडायच्या जरा आधी वरून हाक आली. "कोण आहा रं तठं?" आमच्याच पाड्यावरची माणसं, बकऱ्या शोधायला निघालेली. त्यांनी आम्हाला घरात नेलं, शेगडीपुढं बसवलं, नागलीची गरम आंबील पाजली. अण्णानं माझा हात धरला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "मरेपर्यंत इसरनार नाय."

आठ दिवसांत विसरला.

गारा डोंगरावरच पडल्या होत्या, खाली त्याची बाग शाबूत. गाडी दोरांनी ओढून काढली, पेटीतला एकही मणी फुटला नव्हता. बागेवर भेटायला माणसं यायची आणि अण्णा बाजेवर बसून सांगायचा. "या पेठ्यानं वाट चुकवली. पण देवाची करणी बघा, ज्या गारांनी मारायला घेतलं त्यांनीच तारलं. हौद्यात दोन क्विंटल गारा साचल्या. त्या वजनावर गाडी राहिली."

एकानं विचारलं, "आन हा?"

"ह्याचं वजन कितीक? पन्नास किलो. ह्याच्यानं काय व्हतंय?"

सगळे हसले. आणि मी? मी चहा देत होतो. मीही हसलो. वर भर घातली, "मी गारांनाच म्हटलं, बसा बाई, मला जागा पुरंना." आणखी हसले. माझा जीव मी माझ्या हातानं किस्सा करून वाटला. ढीग गारांनी आपोआप केला असं अण्णा म्हणाला, आणि मी त्याला नक्कल जोडून दिली. वाट मी चुकवली होती, ते बरोबर. पण थांबायची थाप नव्हती, हे मी एकदाही सांगितलं नाही. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

नवव्या दिवशी गाडी दुरुस्त होऊन आली. अण्णानं किल्ली फिरवली. "चल, टोळी आणू. बस मागं."

पुढची सीट मोकळी होती. त्या दिवशी पेटीसुद्धा नव्हती.

आणि माझा पाय उचलला गेला. मी उचलला नाही, तो आपणहून गेला आणि फाळक्यावर जाऊन बसला. मी त्या पायाकडं बघत राहिलो. गारांत जो पाय खाली उतरला नव्हता, तोच हा. त्याला माणुसकी शिकवलेली नव्हती. त्याला फक्त अण्णाचा आवाज ओळखू यायचा.

मी पाय खाली घेतला.

"पुढं बसतो," मी म्हणालो.

"आरं, वास मारतो तुला."

"खडकाआड माझ्या शर्टात नाक खुपसून बसला होता, तेव्हा नाय आला वास?"

बागेत सात-आठ माणसं होती. कुणी हसलं नाही. माझ्या बोलण्यावर कुणी हसलं नाही, असं सहा वर्षांत पहिल्यांदा झालं. अण्णानं त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "त्या दिवसाचं येगळं व्हतं. बसायचं तर बस, नाय तर राहू दे."

"राहू दे," मी म्हणालो. आणि शेडवर जाऊन माझी पिशवी उचलली.

आता मी पाड्यावर राहतो आणि टोळ्या मीच लावतो. फोन आला की बागायतदार आधी माणसं किती ते विचारतो. मी आधी विचारतो, माणसं न्यायची कशात? पिकअप म्हणाला की मी फोन ठेवतो. यात मी फार शहाणा ठरलोय असं नाही. तीनदा कामं गेली, टोळी आठवडाभर बसून राहिली. माझ्याच चुलत्यानं मला शिव्या घातल्या, म्हणाला, "तुझ्या बुडाला गादी पायजे म्हणून आमी उपाशी राहू का?" त्याचा मी किस्सा केला नाही. मी त्याला त्या कड्यावर नेलं आणि ढासळलेली जागा दाखवली. तो शिव्या अजून देतो, पण हौद्यात चढत नाही.

या जानेवारीत पुन्हा आभाळ भरून आलं आणि अण्णाचा फोन आला. आवाज गोड. "भाऊ, वीस माणसं लागतील. उद्या सकाळी पिकअप पाठवतो."

"जीप पाठवा अण्णा, दोन. माणसं बाकांवर बसून येतील."

"आरं, आभाळ बघ. आता कुठं जीपा शोधू? एक दिवसाचं तर काम हाय."

"मग पिकअपच पाठवा," मी म्हणालो. "हौदा गारांनी भरून देतो. तुमच्याकडं त्यांचं वजन जास्त हाय. माझा माणूस त्यात चढणार नाय."

फोन मी ठेवला. बाहेर वारा सुटला होता.