अब्बांचा मामू अजून कामावर आहे

मंडळी, आज इथं आखातात, हवल्लीतल्या आमच्या घरात चक्क शिट्टी वाजली. वाजवली आमच्या अब्बांनी.

दुपारी लेक लॅपटॉपवर इंग्रजी सिनेमा बघत होती. त्यात दोन मिनिटांसाठी एक म्हातारा पोस्टमन आला. अब्बांनी शिट्टीच मारली, "अरे, हा तर आमचा मामू."

तरुणपणी अब्बा रूमवाल्यांबरोबर व्हिडिओ कॅसेट बघायचे. हा अमेरिकन नट कधी हवालदार, कधी डॉक्टर असायचा आणि बहुतेकदा अर्ध्यातच मरायचा. नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून मामू.

"ही इज नाइन्टी, दादा. स्टिल वर्किंग," लेकीनं शोधून आजोबांना सांगितलं.

वर्षापूर्वी शिलाईचं दुकान माझ्यावर सोपवल्यापासून अब्बा घरात गप्पच असतात. आज दुपारच्या सुट्टीनंतर चारला दुकान पुन्हा उघडायला निघालो, तर गळ्यात मापाची टेप अडकवून दाराशी उभे.

"मला दोन मिनिटांचं काम दे. मामूला तरी कुठं जास्त असतं?"