मोडीन, हाणीन बरं!

मारहाणीची धमकी दिल्याबद्दल मला भोकरच्या कोर्टाचं समन्स आलं, तेव्हा मी सहावीच्या वर्गात शुद्धलेखन घेत होतो. समन्स घेऊन आलेला हवालदार माझाच जुना विद्यार्थी. तो आधी पाया पडला, मग म्हणाला, "सर, इथं सही करा. आरोपी म्हणून."

मी आरोपी! घरात झुरळ निघालं तर ज्याला शेजाऱ्याला हाक मारावी लागते, तो मी! (तो शेजारीच फिर्यादी होता, ही अडचण वेगळी.)

शेजारी म्हणजे दिगंबरराव, एसटीचे रिटायर कंडक्टर. दर रविवारी ते बुलेट धुतात आणि साबणाचं सगळं पाणी आमच्या फाटकाशी येऊन थांबतं. त्या रविवारी मी पांढरा सफारी घालून लग्नाला निघालो होतो. फाटक उघडलं, पाय टाकला, आणि बसल्या बसल्याच थेट बुलेटपाशी पोचलो.

"या गुरुजी! आज लई घाईत?" दिगंबरराव म्हणाले.

माझं डोकंच सरकलं. सणसणीत शिवी हासडावी म्हटलं, पण तेवीस वर्षं मास्तरकी करून माझ्याकडं 'गाढवा'च्या पुढचा साठाच नाही! तेवढ्यात शैलाचं, म्हणजे बायकोचं, वाक्य आठवलं. तिचं माहेर उदगीरच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. घरात सगळे कानडी बोलतात. माझ्यावर चिडली की ती दातओठ खाऊन एक कानडी वाक्य म्हणते. अर्थ विचारला तर, "तुम्हाला झेपायचा न्हाई!" एवढंच. म्हणजे शिवी जहालच असणार! मी चिखलात बसूनच बोट रोखलं आणि ओरडलो,

"एन माडली! नन्न हणीबरा!"

दिगंबरराव पांढरेफटक पडले. त्यांना ऐकू आलं ते असं: "मोडीन! हाणीन बरं!" त्यांनी सरळ वकील गाठला आणि कोर्टात फिर्याद ठोकली.

मीही बालाजी वकिलांकडं गेलो.

"सर, नेमकं काय बोललात?"

"आठवत नाही." (खरी शिवी उघडी पडली तर कलमं वाढतील, ही भीती!)

"वकिलापासून लपवू नका. एखादी शिवी इकडंतिकडं झाली तर मी बघून घेतो."

"पण शिक्षा झाली तर नोकरी जाईल का हो?"

"आधी तारखेला हजर तर राहा!"

तारखेपर्यंत घरात मला घास गिळवला नाही. (शाळेतली खिचडी तेवढी गिळली.) शैलाला मी फक्त 'पाण्याची केस' एवढंच सांगितलं होतं. तिच्याकडून उचललेली शिवी मी भर गल्लीत वापरली, हे कोणत्या तोंडानं सांगणार? तरी ती डबा घेऊन सोबत निघालीच. "तुम्हाला एकट्याला सोडून राहिले का मी? भलत्याच कागदावर सही करून याल!"

कोर्टात माझ्या नावाचा पुकारा झाला आणि मी हात वर करून ओरडलो, "उपस्थित!" सगळं कोर्ट वळून बघायला लागलं.

न्यायाधीश मॅडम तरुण होत्या. त्यांनी आरोप वाचून दाखवला. "‘मोडीन, हाणीन बरं’ अशी धमकी तुम्ही फिर्यादीला दिली. गुन्हा कबूल आहे का?"

"‘नाही’ म्हणा," वकील कानाशी पुटपुटले.

मी म्हणालो, "नाही मॅडम! मी तसं बोललोच नाही. मी त्याहून वाईट बोललो!"

बालाजी वकिलांनी डोळे मिटून घेतले.

"काय बोललात?"

आता काय लपवायचं? मी खाली मान घालून ते वाक्य म्हटलं. त्याबरोबर मागच्या बाकावरून शैला ताडकन उठली. "अगं बाई! हे तर मी ह्यांना म्हणते!"

"तुम्ही कोण?"

"ह्यांची बायको, मॅडम. शिवी न्हाई हो ती! कानडीत त्याचा अर्थ, ‘काय करू, माझं नशीब!’"

"आणि हे तुम्ही यांना कधी म्हणता?"

"रोज, मॅडम."

मॅडमनी फाइल तोंडासमोर धरली. फाइल हलत होती. टायपिस्टची बोटं थांबली. दिगंबरराव मात्र उघड उघड हसायला लागले. "मॅडम, हे तर पडून सवताच्या नशिबाला रडून राहिले होते! मला न्हाई चालवायची ही केस."

दोन्ही वकिलांनी तडजोडीचा कागद लिहिला, आम्ही सह्या केल्या (माझ्या सहीआधी शैलानं कागद वाचून घेतला), आणि मॅडमनी मंजूर केला. इतके दिवस छातीवर बसलेलं ओझं असं उतरलं, की मला पायऱ्या उतरताना कठड्याला धरावं लागलं.

बाहेर चहाच्या टपरीवर दिगंबररावांनी माझ्या खांद्यावर हात टाकला. "गुरुजी, खरं सांगू का? तुम्ही दिसले की मी घरात पळून राहिलो होतो. म्हटलं, हा माणूस कधी हाणंल नेम न्हाई!"

म्हणजे आयुष्यात एक माणूस मला घाबरला होता, आणि ते मला केस मिटल्यावर कळलं!

दुसऱ्या दिवशी शाळेत हेडमास्तरांनी काळजीनं विचारलं, "काय झालं हो कोर्टात?"

"सुटलो, सर."

"पहिल्याच तारखेला? वकील दांडगा दिसतोय!"

"वकील नाही, सर. बायकोनं उभं राहून सांगितलं, की माझ्याशी लग्न झालं हे तिचं दुर्दैव आहे. कोर्टानं पुरावासुद्धा मागितला नाही!"