ढोल वाजायच्या आधी

गेल्या वर्षी त्या एका गाण्यानं बेळगावात नुसता उच्छाद मांडला होता. कन्नड गाणं, एकट्या पोरीनं गायलेलं, कुठल्या सिनेमातलं नाही की काही नाही, तरी सगळीकडं एक नंबरला. रिक्षात तेच, सिटी बसमध्ये तेच, खासबागच्या बाजारात भाजीवालीच्या मोबाईलवरही तेच. सुरुवातीला नुसता तिचा आवाज, कानाशी बोलल्यासारखा हळू. आणि मग धडाधड ढोल. मला तर वीट आला होता.

आणि एक दिवस आमच्या अनगोळच्या घरात खुद्द आप्पा ते गुणगुणताना सापडले! आप्पा म्हणजे माझे वडील. सीमाप्रश्नाच्या प्रत्येक मोर्चात काळी फीत लावून सगळ्यांच्या पुढं. बाजारात भाव करताना कन्नड फाडफाड बोलतील, पण उंबऱ्याच्या आत एक शब्द खपायचा नाही. त्यापायीच तर सगळं झालं. माझ्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं, ऑफिसातल्या धारवाडच्या कन्नड मुलाशी लग्न केलं आणि आप्पांनी तिचं नाव टाकलं. तिचा फोन आला की आई न्हाणीत जाऊन बोलायची. मी व्हॉट्सॲपवर बोलायचो. आप्पा नाही म्हणजे नाही. सणासुदीला तिच्या आवडीचं काही ताटात पडलं की अर्धपोटी उठायचे. मला त्यांचा भयंकर राग यायचा. आणि आक्काशिवाय ते घर खायला उठायचं, ते वेगळंच.

"काय आप्पा, कन्नड?" मी चिडवलं.

"कुठलं कन्नड रं? रिक्षात कानावर पडतंय," ते खेकसले.

पण गुणगुणायचे ते फक्त सुरुवातच. ढोल यायच्या जागी गप्प. रोज तसंच. मला काही टोटल लागेना.

एका रविवारी परसात गेलो तर आप्पा टाकीशी पाठमोरे बसलेले. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर. तेच गाणं चाललेलं. ढोल यायच्या आत त्यांनी लाल बटण दाबलं आणि मला पडद्यावरचा नंबर दिसला. नाव न घातलेला, पण आक्काचाच. ते गाणं तिची कॉलर ट्यून होती.

मी लगेच गच्चीवर जाऊन तिला फोन लावला आणि विचारलं.

"कळलं व्हय तुला?" ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. "आधी मी उचलत होते, तर माझा आवाज ऐकला की ते कट करायचे. आता मी उचलतच न्हाय. ऐकू देत तेवढं. पण खरं सांग, ते फोन माझ्यासाठी करतात का गाण्यासाठी?"

"विचार की त्यांनाच."

"न्हाय बाबा. विचारलं आणि फोनच बंद केला तर?"

मीही आप्पांना काही बोललो नाही. बोललो असतो तर तेवढंही थांबलं असतं.

पुढं त्या गाण्याची हवा ओसरली, रिक्षात दुसरं आलं. गेल्या महिन्यात मी परसात गाडी धूत होतो. आप्पांनी नंबर लावला. गाण्याऐवजी नुसती ट्रिंग ट्रिंग. त्यांनी फोन हलवला, कानाला लावला, परत समोर धरला. गाणं सुरू होईल म्हणून थांबले असावेत. तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "आप्पा?"

त्यांचा अंगठा लाल बटणाकडं गेला. मनात म्हटलं, आप्पा, नका हो, नका.

"गाणं का काढलंस गं?" आप्पा म्हणाले.

"बघायचं होतं. गाणं नसलं तरी थांबता का."

आप्पांनी नाक ओढलं. मग म्हणाले, "थांबलोय न्हवं? आता गाणं न्हाय, तर तूच बोल की गं."