जिन्यातली पिवळी ओढणी

सरांना काचबिंदू आहे हे कळलं, तेव्हा उजव्या डोळ्याची बरीचशी नजर गेलेली होती. काचबिंदू दुखत नाही, खुपत नाही. माणूस दाराच्या चौकटीला खांदा आपटतो आणि चौकटीलाच शिव्या देतो. आमच्या घरातल्या चौकटींनी वर्षभर शिव्या खाल्ल्या, मग कुठे आम्ही डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंब टाकून जपायची, आणि ती किती टिकेल हे कुणीच सांगू शकत नाही.

सर म्हणजे माझा नवरा. औरंगाबादच्या कॉलेजात त्यांनी जन्मभर इतिहास शिकवला. सगळं गाव त्यांना सर म्हणतं. मीही म्हणायला लागले, आधी चिडवायला आणि मग सवयीनं. त्या दिवशी दवाखान्यातून निघून रिक्षात बसलो आणि रिक्षा क्रांती चौकापर्यंत आली. मग ते म्हणाले, "मला तो जिना बघायचाय."

कोणता जिना, हे विचारायची गरज नव्हती. फ्रान्समध्ये लुआर नदीच्या खोऱ्यात एका राजानं शिकारीसाठी बांधलेला महाल आहे. त्याच्या मधोमध एक दगडी जिना आहे, खरं तर एकात एक गुंफलेले दोन जिने. एकानं एक चढायचा, दुसऱ्यानं दुसरा. दोघंही वरपर्यंत पोचतात, पण वाटेत एकमेकांना भेटत नाहीत, मधल्या झरोक्यांतून फक्त दिसतात. सर दरवर्षी हा जिना दोन रंगांच्या खडूंनी फळ्यावर काढायचे. परीक्षेला नाही म्हटल्यावर पोरं खिडकीबाहेर बघायची. सरांनी स्वतः तो पाहिलेला नव्हता. डोळे जायच्या आत पाहायचा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

"तू एका जिन्यानं चढ, मी दुसऱ्यानं," ते म्हणाले. "झरोक्यातून तू मला दिसली पाहिजेस. बास."

आणि जायचं ते सायकलवरून. त्या नदीकाठानं गावागावांतून सायकलचे रस्ते आहेत, जुनी चर्च आहेत, गढ्या आहेत, हे त्यांनी कुठेतरी वाचलेलं. बसमध्ये कोंबून दाखवलेला इतिहास त्यांना नको होता. जन्मभर कॉलेजला सायकलनं गेलेला हट्टी माणूस तो. पण आता एकट्यानं सायकल चालवणं म्हणजे जिवाशी खेळ होता. मग दोघांची सायकल, पुढे मी, मागे ते, असं ठरलं. ठरलं म्हणजे त्यांनी ठरवलं. मी आधी भांडले, मग रडले आणि मग पुढच्या सीटवर बसले.

पैठण गेटजवळच्या मिस्त्रींनी दोन जुन्या सायकली जोडून एक करून दिली. हातात वेल्डिंगची काच धरून त्यांनी विचारलं, "सर, आगे भाभी बैठेंगे? हौ, तो ब्रेक दोनों आगेच देतूँ." घरातले ब्रेक माझ्याच हातात असतात, हे त्यांना आधीपासून ठाऊक असावं.

रविवारी सकाळी आमचा सराव असे. पडेगाव, दौलताबाद, मग खुलताबादचा घाट, आणि अंगात जोर असला तर वेरूळच्या पुढे देवगाव रंगारीपर्यंत. मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते, न दिसणाऱ्या माणसाशी बोलण्यात माझी सगळी नोकरी सरली. त्यामुळे चालवता चालवता मी बोलत राहायचे. डावीकडे तुरी, उजवीकडे पाडलेल्या वडांचे बुंधे, समोरून ऊस भरलेला ट्रॅक्टर. एकदा मी म्हणाले, "काय सुंदर दिसतंय हो!" सर मागून खेकसले, "सुंदर म्हणू नकोस. आहे ते सांग." तोच आमचा नियम झाला.

एरवी मी त्यांचे डोळे होते. पण दौलताबादच्या किल्ल्यातल्या अंधारीत सगळंच उलटं व्हायचं. विद्यार्थ्यांच्या किती पिढ्या त्यांनी त्या काळोख्या भुयारातून वर नेलेल्या. तिथं ते माझा हात धरून सरसर पुढे जायचे, वळण, पायरी, खाली डोकं, असं सांगत. बाहेर उजेडात आलो की पुन्हा चाचपडायला लागायचे. मला तो उजेड नकोसा व्हायचा.

देवगावात एका घरापुढे पाणी मागायला थांबलो. म्हातारीनं तांब्याभर पाणी आणलं आणि सरांकडे बघत मला विचारलं, "अगं बाई, नवऱ्याला मागं बसवून कुठं निघालीस?"

"त्यांना कमी दिसतं, आजी."

"आंधळं व्हायलेत व्हय? लई वाईट झालं बाई." सरांच्या तोंडावरच ती हे म्हणाली. सर हसले. त्या रस्त्यावर आम्हाला कधी कुणी पाणी नाही म्हटलं नाही, आणि कुणी बोलायचंही सोडलं नाही.

गुलमंडीवरून मी पिवळीजर्द ओढणी घेतली. गर्दीत सरांना इतर कशापेक्षा पिवळा रंग लवकर सापडायचा. खुलताबादच्या घाटात तिचं टोक साखळीत अडकून फाटलं. घरी पिवळा दोरा नव्हता, मी काळ्यानंच जाड टाके घातले. सर मागे बसल्या बसल्या त्या टाक्यांवरून बोट फिरवत राहायचे. म्हणायचे, "तुझी शिवण म्हणजे खंदकच."

पुढच्या वर्षी, तिकडच्या उन्हाळ्यात, आम्ही फ्रान्सला गेलो. दोघांची सायकल तिथं भाड्यानं मिळाली. पहिले दोन दिवस मला आवडले, हे खोटं का सांगू? नदी रुंद आणि उथळ, पैठणला धरणाखाली गोदावरी उन्हाळ्यात असते तशी, मध्येमध्ये वाळूची बेटं. सूर्यफुलांची शेतं, दगडी घरं, प्रत्येक गावात चर्चचं टोक. मी सांगायचे, सर राजांची नावं आणि लढाया जोडायचे. पण तिसऱ्या दिवसापासून ते कमी बोलायला लागले. मी "उजवीकडे बुरूज" म्हटलं की आधी मान वळवायचे, विचारायचे. आता नुसतं "हं" यायचं. उन्हानं थकलेत, असं मी स्वतःला समजावलं.

महालाच्या आदल्या दिवशी दुपारी पाणी संपलं. आम्ही एका गावात शिरलो. सगळ्या घरांच्या खिडक्या बंद, दुकान बंद, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. कुणाचं दार वाजवावं, तर कुणी आत आहे की नाही तेच कळेना. देवगावच्या म्हातारीची मला इतकी आठवण आली की घसा आणखी कोरडा पडला. तेवढ्यात सायकलवरून एक वयस्क बाई आल्या. सरांनी तोडक्यामोडक्या फ्रेंचमध्ये त्यांना पाणी कुठे मिळेल ते विचारलं. त्यांनी गावाबाहेरच्या भिंतीकडे हात केला आणि काही बोलून निघून गेल्या. सरांचा चेहरा पडला.

"काय म्हणाल्या?"

"स्मशानात जा म्हणाल्या. तिथं नळ असतो."

तिथं तशी रीतच आहे. गावच्या दफनभूमीत थडग्यांवरच्या फुलझाडांसाठी नळ असतो आणि येणारेजाणारे सायकलवाले तिथंच बाटल्या भरतात. मी फाटक ढकलून आत गेले. हिरव्या झाऱ्या टांगलेल्या, स्वच्छ नळ, पाणी थंडगार. मी पोटभर प्यायले. ओढणी भिजवून डोक्यावर घेतली, पुन्हा पिळून भिंतीवर वाळत टाकली, आणि बाटल्या भरून बाहेर आले. सर फाटकापासून लांब, उन्हात उभे होते.

"मी नाय पिणार," ते म्हणाले. रागावले की त्यांच्या तोंडी त्यांच्या गावची, सोयगावची बोली येते.

"खुलताबादला दर्ग्यात पाणी पिता ते चालतं?"

"ते पीराचं. हे लोकांच्या आईबापांचं. तिथनं आल्यावर आंघोळ करायची असते, पाणी प्यायचं नसतं."

फळ्यापुढे उभं राहून देव-धर्म, राजे-रजवाडे यांची सालं सोलणारा माणूस हा! मी नाही नाही ते बोलले. शिकलेले अडाणी म्हणाले, तुमच्या हट्टापायी माझा जीव जाईल म्हणाले. ते खाली मान घालून म्हणाले, "वडलांना पोचवून आलो तेव्हापासून स्मशानाच्या पाण्याची भीती वाटते मला. तुला माहीत नाही." खरंच माहीत नव्हतं. पण माझा राग उतरला नव्हता. मी बाटल्या जमिनीवर ओतल्या, त्यांना बसवलं आणि निघाले.

पुढच्या मोठ्या गावात एका औषधाच्या दुकानात त्यांना पाणी मिळालं. पाय टेकून उभी राहिले, तेव्हा माझ्या लक्षात आलं की ओढणी त्या भिंतीवरच राहिली. स्मशानात कपडा राहिला म्हटलं असतं तर सरांनी अपशकुन म्हणून डोकं धरलं असतं, म्हणून मी बोलले नाही. पण मनात दुसरंच काहीतरी खुपत राहिलं. इतका वेळ मागे बसलेल्या सरांच्या डोळ्यांसमोर, हातभर अंतरावर, ती पिवळी ओढणी असायची. ती आता नाही, हे त्यांना कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी महालात गेलो. आत गार आणि काळोखं होतं. मधोमध तो जिना, पांढरट दगडाचा, जाडजूड. सरांनी कठड्यावर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "जा. तू त्या बाजूनं चढ."

मी चढायला लागले. पहिल्या झरोक्याशी थांबले. पलीकडच्या जिन्यावर सर एकेक पायरी पायानं चाचपत वर येत होते. मी हात हलवला. त्यांचा चेहरा माझ्याच दिशेला होता, पण नजर माझ्या खांद्यावरून कुठेतरी जात होती. मी पुढच्या झरोक्याशी गेले, पुन्हा हात हलवला. त्याच्या पुढच्यालाही. शेवटी न राहवून हाक मारली, "अहो, मी इथं!"

त्यांचा चेहरा एकदम उजळला. आवाजाच्या दिशेनं हात वर करून ते ओरडले, "दिसतेस! दिसतेस! पिवळी ओढणी दिसतेय!"

माझ्या अंगावर पांढरा कुर्ता होता. मी झरोक्याचा दगड घट्ट धरला. रडू आवरायला मला बाकीच्या सगळ्या पायऱ्या लागल्या. वरच्या गच्चीवर ते माझी वाट बघत होते. "झालं बघ काम," ते म्हणाले. मी हो म्हणाले.

परत आल्यावर वर्षभरात उरलीसुरली नजरही गेली. घरी माणसं भेटायला येतात, सर जिन्याची गोष्ट सांगतात. झरोक्याझरोक्यातून हिची पिवळी ओढणी कशी दिसत होती, तेही सांगतात. माणसं माझ्याकडे बघतात. मी चहा आणायला आत जाते. त्या गोष्टीला हात लावायची माझी छाती होत नाही.

मागच्या महिन्यात एका रविवारी दौलताबादला निघताना सर म्हणाले, "ती ओढणी घेत नाहीस का हल्ली? घेत जा. रस्त्यावर लोकांना दिसते." पुढे ओढणीची फडफड होत नाही, हे त्यांना मागे बसून कानांनीच कळलं होतं; आता मी काय आणि ओढणी काय, त्यांना ऐकूनच कळायची. मी गुलमंडीवर जाऊन तशीच, अगदी तशीच पिवळी ओढणी आणली. पुढच्या रविवारी ती घेऊन अंगणात सायकलपाशी उभी राहिले. सरांनी टोक हातात घेतलं. एका कडेवरून बोट नेलं, मग दुसऱ्या कडेवरून. पुन्हा पहिल्या.

"टाके कुठंयत?"

मी ब्रेक दाबून बघितले.

"नवी आहे ही."

"हो."

"जुनी कुठं गेली? आहे ते सांग."

मी सांगितलं. "त्या स्मशानाच्या भिंतीवर राहिली. तुम्ही पाणी प्यायला नाही म्हणालात, त्या दिवशी."

सर उभे होते. ते मनातल्या मनात तो रस्ता पुन्हा चालत होते, ते मला दिसत होतं. आधी स्मशान, मग औषधाचं दुकान, मग मुक्काम, मग महाल. शेवटी त्यांनी ओढणीचं टोक सोडलं.

"हात तरी हलवला होतास का?"

"प्रत्येक झरोक्यातून."

"बरं," ते म्हणाले आणि मागची सीट चाचपून बसले. पडेगाव जाईपर्यंत मी काही सांगितलं नाही आणि त्यांनीही काही विचारलं नाही.