बाबांना जपानी खाऊ घालताना

काड्यांनी जेवण्यात आख्ख्या बाणेरमध्ये माझा हात धरणारा कोणी नाही. काल माझा भाताचा गोळा सुटला, तो थेट शेजारच्या बाईंच्या पर्समध्ये.

बाबांना मी जपानी हॉटेलांत नेतो ते काही प्रेमानं नाही. लग्नाच्या पंगतीत ते मोठ्यानं सांगायचे, "आमचा बंड्या जेवला की कोंबड्यांचंही पोट भरतं." लोक हसायचे, मीही हसायचो. तेव्हापासून त्यांना एकदा तरी चारचौघांत ओशाळलेलं बघायचंय मला. पहिल्या हॉटेलात त्यांनी खुशाल चमचा मागितला. म्हणून काल मी वेटरला आधीच सांगून ठेवलं, चमचा देऊ नका.

बाबांनी काड्या बाजूला सारल्या, हात धुऊन आले आणि माशाचा घास तीन बोटांनी उचलला, झोपलेलं पिल्लू उचलावं तसा. काउंटरमागचा आचारी म्हणाला, "बरोबर काका, हे हातानंच खातात."

मी त्या बोटांकडे बघत बसलो. यांनीच मला भरवलं असणार, असं काहीतरी मनात यायला लागलं, ते दाबून टाकलं. असल्या विचारानं राग नासतो. पुन्हा काड्या उचलल्या, पुन्हा घास निसटला.

बाबा म्हणाले, "ठेव त्या खाली आणि जेव. सूड पोट भरल्यावर घे."